हात न लावता

बाबा पहिल्यांदाच माझ्या लॅबमध्ये आले, मार्चअखेर.
दारातच बूट काढले, घरी काढतात तसे,
आणि लोकरीच्या मोज्यांवर चालत
थेट सूक्ष्मदर्शकापर्यंत.
ओस्मोनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.
खिडकीबाहेर ओउलूचा समुद्र अजून गोठलेला,
त्यावरून कुणीतरी सायकलवर चाललं होतं.

तीस उन्हाळे बाबांनी केमी नदीवर ओंडके हाकले.
डासांच्या ढगात उभं राहून,
चार मीटरची काठी, टोकाला लोखंडी आकडी,
कंपनीचे शिक्के मारलेले पाइन
गुरांसारखे समुद्राकडे.
मग धरणं आली, लॉऱ्या आल्या.
काठी सौनाच्या भिंतीवर आडवी टांगली गेली
आणि पुढे कधीतरी हात थरथरू लागले.

"हं, दाखव. तू काय हाकतेस?"

दोन काचा. त्यांच्यामध्ये पाणी,
केसाच्या पाव जाडीइतकं.
पाण्यात मणी, केसाच्या रुंदीत ऐंशी मावतील असे.
पडद्यावर मात्र शेंगदाण्याएवढे दिसतात.

"आणि काठी?"

काठी नाही, बाबा. ऊब आहे.
डोळ्यांना न दिसणारा उजेड एका रेषेवरून फिरवते,
सेकंदाला हजार वेळा, एकाच दिशेनं.
जिथे टेकतो तिथलं पाणी
दोन-तीन अंशांनी तापतं,
जरासं फुगतं, जरासं सैल पडतं,
आणि कुणाला कळायच्या आत निवतं.
तेवढ्यावर ते वाहू लागतं. त्याच्याबरोबर मणी.
हात लावायचा नाही.
हात लावायला तिथे जागाच नाही.

मी रेष ओढली, डावीकडून उजवीकडे.
मणी निघाले उजवीकडून डावीकडे.

बाबा वाकले. चष्मा वर केला, पुन्हा खाली.
"उलटे चाललेत."
हो. ऊब पुढे जाते, पाणी मागे येतं.
हे समजावताना मी दरवेळी अडखळते;
कागदावर सरळ असतं, तोंडात येताना वाकडं होतं.
पाहुण्या प्राध्यापकांनी तीनदा विचारलं होतं, का?
बाबांनी विचारलंच नाही.
"ओंडक्यावर उभं राहून पुढे चाललं
की ओंडका मागे फिरतो," ते म्हणाले.
"पाय थांबला, की तुम्ही पाण्यात."
तसंच अगदी नाही, असं म्हणणार होते.
गिळलं.

मग मी लेझर बंद केला.
मणी थांबले. म्हणजे वाहायचे थांबले.
जागच्या जागी बारीक थरथरत राहिले.

बाबा बराच वेळ बघत होते.
त्यांचा उजवा हात टेबलावर, डावा त्याच्यावर,
मांजर निसटू नये म्हणून धरावं तसा.

"थंडीनं?"
"नाही. उबेनंच. पाण्यात ऊब आहे तोवर
थरथरणारच. थांबवता येत नाही."
"औषध?"
"नाही, बाबा."
"बरं," ते म्हणाले,
आणि डावा हात उचलून घेतला.

कोपऱ्यात पाच-सहा मणी एकमेकांना चिकटून अडले होते.
ते त्यांना माझ्याआधी दिसले.
"तो बघ, खालचा. तो काढ, बाकीचे आपोआप सुटतील.
सहाशे ओंडक्यांचा गुंता मी एकाच ओंडक्यावर सोडवलाय."
मी त्या एका मण्याभोवती ऊब फिरवत बसले,
वीस मिनिटं, श्वास धरून. ओस्मो घरी गेला.
मणी सुटला.
बाकीचे तिथेच.

"मग तो नव्हता," बाबा म्हणाले. वाईट वाटल्यासारखं नाही,
उद्याचं काम उद्या, अशा आवाजात.

खाली कँटीनमध्ये कॉफी घेतली.
त्यांनी कपात साय ओतली, हाताच्या कापऱ्यानं
थोडी बशीत, थोडी टेबलावर.
मी चमचा पुढे केला.
नको म्हणाले.
"थांब. जाईल."

आम्ही दोघं कपात वाकून बघत बसलो.
पांढरं खाली बुडालं,
आणि कुणी न ढवळता
कडेकडेनं वर येऊ लागलं.